एका फुटाला एक सूत

एचएमएस ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज मुंबईत बांधलं गेलं, हे अनेकांना खरं वाटत नाही. पण ते खरं आहे. मलबारचं सागवान, मुंबईची गोदी आणि जमशेटजी बमनजी वाडिया हे पारशी मास्टर बिल्डर. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून लोक ते बघायला जातात.

तेच जहाज गेली सहा वर्षं आमच्या घरात खिडकीजवळच्या टेबलावर तयार होतंय. लांबी जेमतेम दोन फूट.

लाकडी जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला सगळ्यात आधी प्रमाण ठरवावं लागतं. जगभर हा छंद असणारे लोक एकास अठ्ठेचाळीस, एकास चौसष्ट, एकास शहाण्णव अशा प्रमाणांत काम करतात. मी एकास शहाण्णव घेतलं, कारण हिशेब मांडताना एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडचा सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला सूत म्हणतो. एका फुटाची शहाण्णव सुतं. म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला प्रतिकृतीत एक सूत! तोफांचा डेक सुमारे दीडशे फुटांचा, तर माझा दीडशे सुतांचा, म्हणजे पावणेएकोणीस इंच. रुंदी सुमारे चाळीस फूट, तर इथे पाच इंच. सुताराची साधी पट्टी हातात घेतली की झालं, गणकयंत्र लागत नाही.

नकाशाची कथा तर विलक्षण आहे. या जातीच्या जहाजांच्या मूळ रेषा फ्रेंच. 1782 साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाचं फ्रेंच फ्रिगेट पकडलं आणि त्याच्या बांध्यावरून आपली लेडा वर्गातली जहाजं आखली. ट्रिंकोमालीचे नकाशे मुंबईला निघाले ते ‘जावा’ या जहाजावरून. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला हरवलं, ते जहाज नष्ट झालं आणि नकाशेही गेले. पुन्हा नकाशे काढून पाठवावे लागले. ती कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनला तरंगते आहे आणि प्रतिकृती करणाऱ्यांच्या आवडत्या जहाजांत तिचं नाव फार वरचं आहे.

नकाशा हातात आला म्हणजे जहाज कळलं असं मला सुरुवातीला वाटे. नकाशा आकार सांगतो, कामाचा क्रम सांगत नाही. हे मला देवगडजवळच्या आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर मच्छीमारांच्या होड्या बांधल्या. मी खोक्यात घालून सांगाडा त्यांना दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सांगाडा डोळ्यांच्या रेषेत धरला आणि पठाणावरून बोट फिरवत नेलं. पठाण म्हणजे जहाजाचा तळाचा कणा. बोट मध्येच थांबलं. तिथे अर्ध्या सुताचा बाक होता. मला तो दोन महिने दिसला नव्हता.

सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानातच करायची, असा माझा हट्ट होता. तो मेस्त्रींकडून परत आल्यावर सोडला. सागाचे रेषे मोठे. खऱ्या जहाजात ते शोभतात, पण शहाण्णव पटींनी लहान केलेल्या फळीवर तोच रेषा एखाद्या दोरखंडाएवढा जाड दिसतो. शिवाय पातळ पट्टी वाकवताना चिरते. मग हेदाचं लाकूड घेतलं. बाजारात त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं, पट्टी गरम पाण्यात भिजवली की सोसेल तेवढी वळते. खऱ्या जहाजाला मात्र सागच उत्तम. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातल्या तेलाने ते टिकतात. मुंबईची जहाजं दीर्घायुषी ठरली त्याचं हे एक मोठं कारण आहे. वाडियांनीच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 साली नानकिंगचा तह झाला, तेव्हा ते जहाज एकोणतीस वर्षांचं होतं.

फळ्या लावताना नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापायच्या आणि ठोकत सुटायचं. माझ्या सांगाड्यावर मधल्या वाकीचा, म्हणजे बरगडीचा, घेर छत्तीस सुतं भरला आणि नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, चोवीस. म्हणजे प्रत्येक फळी पुढच्या टोकाला एक तृतीयांशाने निमुळती करायलाच हवी. न केल्यास पट्ट्या नाळेशी एकमेकींवर चढतात. मी एक बाजू तशी लावली आणि अकरा पट्ट्या उचकटून काढल्या.

दोरकाम हा या छंदाचा खरा कस. डोलकाठी आपल्या बळावर उभी राहत नाही, दोन्ही बाजूंच्या दोरांनी तिला ओढून धरलेलं असतं. हे दोर खाली तीन भोकांच्या लाकडी चकत्यांमधून ताणतात. माझ्या चकत्या दीड सुताच्या आहेत आणि त्यांची भोकं सुईच्या टोकाने पाडली आहेत. मी डाव्या बाजूचे सगळे दोर आधी लावून टाकले आणि मग उजवीकडे वळलो. डोलकाठी डावीकडे कलली होती. गावी फोन केला.

“एका बाजूनच ओढत रवलस तर काठी वाकतली,” मेस्त्री म्हणाले. “हयसून एक, मगे थयसून एक.”

पुढे वाचताना कळलं की शिडाच्या मोठ्या जहाजांवरही हाच नियम होता. उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, मग पुन्हा उजवीकडची. देवगडचा मेस्त्री आणि इंग्रज आरमारातला दोरकामाचा माणूस यांची कधी गाठ पडली नसेल, पण काठी दोघांनाही एकच गोष्ट शिकवून गेली.

या उभ्या दोरांवर आडव्या पायऱ्या बांधतात, खलाशी त्यांवरून चढतात. दोन पायऱ्यांमध्ये सुमारे सव्वा फूट, म्हणजे माझ्याकडे सव्वा सूत. आठ उभे दोर, चाळीस पायऱ्या. एका डोलकाठीच्या एका बाजूला, तेही फक्त खालच्या टप्प्यात, 320 गाठी. गाठ साधीच. गुरं खुंटाला बांधताना दोन वेढे घेऊन घालतो, तसली. रेघा आखलेला कागद मागे लावायचा, चिमट्याने दोरा फिरवायचा, पण ओढायचा नाही. जरा ओढलं की बाहेरचे दोर आत खेचले जातात आणि सगळं सुतळीच्या गुंडीसारखं चिमटतं. म्हणून आधी दर पाचवी पायरी बांधतात आणि मधल्या नंतर भरतात. एका संध्याकाळी माझ्या साठ गाठी होतात.

पावसाळ्यात बांधलेले माझे सुती दोर थंडीत सैल पडले. सूत ओलाव्याने फुगतं आणि लांबीला आखूड होतं, सुकलं की पुन्हा सैलावतं. त्यामुळे आता डोलकाठ्या धरून ठेवणाऱ्या स्थिर दोरांना पॉलिएस्टरचा दोरा वापरतो आणि शिडं ओढणाऱ्या हलत्या दोरांना मधमाश्यांचं मेण लावलेलं सूत. स्थिर दोर काळे, हलते फिके. खऱ्या जहाजावर स्थिर दोर डांबरात भिजवलेले असत, म्हणून ते काळे.

खरी ट्रिंकोमाली इंग्लंडला पोहोचल्यावर अनेक वर्षं नुसती बांधून ठेवलेली होती. तिची पहिली नेमणूक 1847 साली झाली. पुढे ती प्रशांत महासागरात फिरली, मग प्रशिक्षणाचं जहाज बनली, आणि शेवटी हार्टलपूलमध्ये तिची डागडुजी झाली. इकडे मुंबईच्या नौदल गोदीत 1810 ची डंकन गोदी अजून आहे. पण ट्रिंकोमालीवर हात चालवणाऱ्या सुतारांची, खिळे ठोकणाऱ्यांची, फळ्यांच्या फटीत कापूस ठासणाऱ्यांची नावं सांगता येत नाहीत. प्रतिकृती करताना मला त्यांच्या हातांची आठवण सारखी होते. नकाशात नसलेला क्रम त्यांनाच ठाऊक होता.

मेस्त्री गेल्या वर्षी गेले. काही शब्द मी वहीत लिहून घेतले होते, पुष्कळ राहून गेले. कोकणात तुमच्या गावी होडी बांधणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठली फळी आधी, कुठली नंतर, एवढंच विचारा आणि ते जसं सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.