नकाशा रोस्कॉमनचा, जर्सी मेयोची

बेळगावच्या माणसाला परगावी कुणी "तुम्ही कर्नाटकातले की महाराष्ट्रातले?" असं विचारलं की तो आधी एक मोठा श्वास घेतो. डब्लिनमध्ये नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला असंच काहीसं विचारलं. मी नेहमीचं पुराण लावलं : १९५६ ची प्रांतरचना, मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात कसं गेलं, घरात मराठी, शाळेत कन्नड, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमचं तसंच आहे. माझं गाव रोस्कॉमन काउंटीत आहे, पण आम्ही मेयोचे."

हे मला नीट कळलं ते बऱ्याच वर्षांनी, गेल्या मे महिन्यात त्याच्या गावी गेलो तेव्हा.

आधी खेळाबद्दल थोडं. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्हीकडे पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने उडवून परत हातात घ्यावा लागतो. गोलाच्या दोन्ही दांड्या वर आकाशात गेलेल्या. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक गुण. (आता फार लांबून मारलेल्या किकला दोन गुण मिळतात, पण जुन्या मंडळींना ते फारसं रुचलेलं नाही.) आणि मुख्य म्हणजे कुणालाही पगार नाही. ऐंशी हजार लोकांसमोर रविवारी खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत हजर असतो. तुम्ही तुमच्या भागातल्या क्लबकडून खेळता आणि त्यातून काउंटीच्या संघात निवडले जाता. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डब्लिनहून पश्चिमेला निघालो. टर्मनबॅरीला शॅनन नदी ओलांडली की रोस्कॉमन काउंटी लागते. त्यांचे रंग पिवळा आणि निळा. स्ट्रोक्सटाउन, फ्रेंचपार्क अशा गावांत तेच झेंडे फडकत होते. मग बॅलाहाड्रीन आलं आणि घरांवर हिरवे-लाल झेंडे दिसायला लागले. ते मेयोचे. काउंटीची हद्द अजून पुढे होती.

सहकाऱ्याचं गाव हेच. १८९८ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने ते मेयोतून काढून रोस्कॉमनला जोडलं. पण गेलिक खेळांची संघटना त्याआधीच, १८८४ मध्ये स्थापन झाली होती, आणि गावचा क्लब मेयोकडेच राहिला, तो आजतागायत. इथला अँडी मोरन मेयोचा कर्णधार होता आणि २०१७ मध्ये देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. याच क्लबचा शैरोज अक्रम हा पाकिस्तानात जन्मलेला मुलगा २०१६ च्या मेयोच्या २१ वर्षांखालील विजेत्या संघात होता. त्याला "मुळात कुठला" हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल, असं माझ्या मनात आलं.

आता मेयोच्या मोठ्या संघाची कर्मकहाणी. १९३६, १९५० आणि १९५१ मध्ये ते अखिल आयर्लंड विजेते. त्यानंतर एकदाही नाहीत! पोहोचलेच नाहीत म्हणावं, तर १९८९ पासून २०२१ पर्यंत तब्बल अकरा वेळा अंतिम फेरीत गेले आणि अकराही वेळा हरले. १९९६, २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये तर फक्त एका गुणाने. २०१६ चा पहिला सामना बरोबरीत सुटला. त्यात डब्लिनचे दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंच्या अंगाला लागून आत गेले होते. पुढच्या वर्षी शेवटच्या क्षणी डब्लिनचा डीन रॉक निर्णायक किक मारत असताना मेयोच्या ली कीगनने स्वतःचं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावलं. चेंडू तरीही दांड्यांमधून सरळ गेला. जीपीएसचा इतका मनापासून केलेला वापर मी आयटीत पंधरा वर्षं काढूनही पाहिलेला नाही.

एवढं दुर्दैव म्हटल्यावर दंतकथा आलीच. १९५१ चा संघ कप घेऊन परतताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती, जल्लोषात खेळाडू थांबले नाहीत, आणि तिथल्या धर्मगुरूने शाप दिला की या संघातला शेवटचा माणूस जिवंत आहे तोवर मेयो जिंकणार नाही. आम्ही मुद्दाम फॉक्सफर्डला गेलो. मॉय नदीकाठचं लहानसं गाव, १८९२ पासूनची लोकरीची गिरणी, आणि अर्जेंटिनाच्या आरमाराचे संस्थापक ॲडमिरल ब्राऊन इथे जन्मले म्हणून त्यांचं स्मारक. शापाची खूण अर्थातच कुठेही नाही. त्या संघातले शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये ९५ व्या वर्षी गेले, मेयोने अकरावा अंतिम सामना हरल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. तेव्हापासून शाप संपलेला आहे. कप मात्र अजून आलेला नाही.

मला विचाराल तर शाप वगैरे काही नाही, हिशेब साधा आहे. मेयोची वस्ती १८४१ मध्ये सुमारे ३ लाख ८९ हजार होती. मग बटाट्याचा दुष्काळ आला, माणसं मेली, उरलेली बोटीत बसून गेली, आणि पुढची शंभर वर्षं जातच राहिली. २०२२ च्या जनगणनेत मेयो १ लाख ३८ हजार, डब्लिन काउंटी साडेचौदा लाख. डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा कप नेला यात नवल ते काय!

हे मी सहकाऱ्याला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "आकडे बरोबर आहेत. पण आईसमोर बोलू नकोस."

आमच्या घरातही एक अशी गोष्ट आहे. १९७३-७४ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला बाहेर काढलं आणि मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका तुटली. आजोबा मुंबईचे. त्यांच्या लेखी बेळगाव म्हणजे अजून मुंबई इलाखाच. माझे बाबा तेव्हा शाळेत होते. वर्गातली निम्मी मुलं कन्नड, सगळी विश्वनाथ आणि प्रसन्नाची भक्त, आणि बाबाही. सामना संपल्यावर बाबांनी अंगणात नाच केला. आजोबांनी रेडिओवर कापड टाकलं आणि दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत.

सहकाऱ्याच्या घरी पोहोचलो तेव्हा हे सगळं आठवण्याचं कारण गाडीच्या मागच्या सीटवर बसलं होतं. आमची लेक आठ वर्षांची, डब्लिनमध्ये जन्मलेली. दर शनिवारी घराजवळच्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळते. सहकाऱ्याने मागच्या नाताळात तिला हिरवी-लाल जर्सी दिली होती. ती घाल, म्हणून आम्ही सकाळी पुष्कळ विनवलं. बाईसाहेब निघाल्या त्या डब्लिनच्या आकाशी निळ्या जर्सीत.

सहकाऱ्याची आई ऐंशीची असेल. आम्ही नेलेला कुंदा तिने चमच्याने चाखला, आवडल्याचं सांगितलं, आणि मग चष्मा सारखा करून लेकीकडे पाहिलं.

"ही कुणी घातली तुला?"

"माझीच आहे. मी डब्लिनची."

स्वयंपाकघरात कुणी काही बोलेना. माझी बायको मराठीत पुटपुटली, "सांगितलं होतं, स्वेटर घाल म्हणून." आजीबाईंनी सोडा ब्रेडचा जाड तुकडा कापला, त्यावर भरपूर लोणी लावलं आणि लेकीपुढे ठेवला. म्हणाल्या, "खा. तुम्हा लोकांना सहा मिळाले सलग, तरी भूक काही जात नाही."

रात्री बेळगावला व्हिडिओ कॉल लावला. बाबांना हे सांगितलं तर ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "पोरीशी बोलतोयस ना?"