जुन्याचा कस

खानदेशात जायचे ते एकतर वांग्याचे भरीत खायला, नाहीतर सोने घ्यायला, असा आम्हा पुण्यामुंबईकडच्या मंडळींचा समज असतो. समज अगदीच खोटा नाही. थंडीच्या दिवसांत जळगावच्या आसपास एखाद्या मळ्यात पाहुणचाराला गेलात, तर काड्याकाटक्यांच्या जाळावर भाजलेल्या त्या मोठाल्या हिरव्या वांग्यांचे भरीत आणि जोडीला कळण्याची भाकरी खाऊन परतीची गाडी चुकल्याचेही वाईट वाटत नाही. आणि सोन्याचे म्हणाल, तर मुलीच्या लग्नाचे दागिने करायला लांबलांबची कुटुंबे जळगावची वाट धरतात. मी यंदा गेलो तो मात्र तिसऱ्याच कामासाठी. एक जुना लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा, हे मला ठरवायचे होते.

जळगावला माझी थोरली बहीण असते. दाजी एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस. धाकट्या भाचीला धुळ्याला अभियांत्रिकीसाठी प्रवेश मिळाला आणि घरात आनंदाबरोबरच खर्चाची यादी येऊन बसली. फी, वसतिगृह, खानावळ, आणि शेवटी लॅपटॉप. तिला हवा तसा नवा घ्यायचा तर 56,000 रुपये. दाजींनी भीतभीत 'रिफर्बिश्ड' हा शब्द काढला, आणि ताई उसळली. तीन वर्षांपूर्वी मुलाला शिकायला पाठवताना कोरा करकरीत लॅपटॉप घेऊन दिला होता. "मुलाला नवा, आणि मुलीला कोणाचा तरी वापरलेला? लोकांचं राहू द्या, तिला काय वाटेल?" या प्रश्नाला डाळ मिलच्या वहीत उत्तर नव्हते. दाजी गप्प बसले आणि ताईने मला फोन केला, "तू ये, आणि काय ते ठरव."

जळगावात मोबाइल किंवा संगणक म्हटला की पावले आपोआप गोलाणी मार्केटकडे वळतात. दुकानाला दुकान लागून. कोणी काच बदलतो आहे, कोणी भिंग डोळ्याला लावून तांदळाएवढा भाग डागतो आहे. भाची आणि मी तिथे एक अख्खी दुपार काढली. प्रथम कळले ते हे, की 'सेकंडहँड' आणि 'रिफर्बिश्ड' यांत फरक आहे, निदान असायला हवा. पहिला म्हणजे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलेला, आहे तसा. दुसरा म्हणजे उघडून तपासलेला, झिजलेले भाग बदललेला, आधीच्या मालकाची माहिती पुसलेला. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून ते फिरत फिरत आपल्या गावी येतात. म्हणजे पुष्कळदा यंत्र मुळात भक्कम असते. प्रश्न असतो तो मधल्या फिरण्यात त्याचे कोणी काय केले याचा.

एका दुकानात 14,000 रुपयांचा एक देखणा लॅपटॉप पुढे आला. "भाऊ, एकदम ए ग्रेड! एक ओरखडा दाखवा." ओरखडा खरेच नव्हता. पण ही ए-बीची प्रतवारी बहुधा वरच्या कातडीची असते, आतड्याची नव्हे. भाचीने प्रोसेसरचा क्रमांक वाचला. तो इंटेलच्या सहाव्या पिढीचा निघाला. आता या पिढ्यांचे महत्त्व असे, की विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 अधिकृतपणे चालते ते, काही थोडे अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. म्हणजे ते देखणे यंत्र दाराला कडी नसलेल्या घरासारखे. मग तिने त्यालाच त्याच्या बॅटरीचा अहवाल मागितला. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' नावाची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे 'बॅटरीरिपोर्ट' जोडले की यंत्र स्वतःच लिहून देते: बनवली तेव्हा बॅटरीत किती मावत होते आणि आज किती मावते. आज निम्म्याहून जरासेच अधिक मावत होते. दुकानदार हसून म्हणाला, "चार्जर लावूनच वापरा ना!" आम्ही नमस्कार करून निघालो.

बॅटरीची बाब खानदेशात दुप्पट महत्त्वाची. काही शे वेळा पूर्ण भरली आणि रिकामी झाली की लिथियम बॅटरीची ताकद साधारण 80 टक्क्यांवर येते, हे झाले सर्वसाधारण गणित. पण 35 अंशांपुढची उष्णता तिला मानवत नाही, आणि वैशाखात जळगावचा पारा 45 ला जाऊन टेकतो. केळीच्या बागांना वाऱ्याच्या झळांपासून आडोसा करणाऱ्या या मुलखात यंत्रालाही सावली लागते, हे कोणी सांगायला नको.

संध्याकाळी ताईचे एक तुटलेले डूल सांधायला म्हणून आम्ही सराफ्यात गेलो. पेढीवर एक म्हातारे गृहस्थ जुनी पाटली मोडायला आले होते. सराफाने ती काळ्या कसोटीवर घासली, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि दोन्ही रेघांकडे पाहिले. मग यंत्रावरही तपासले. पाटली कोणाच्या हातात होती, किती वर्षे होती, हे त्याने विचारले नाही, कस विचारला. माझ्या मनात आले, सोन्याइतके 'रिफर्बिश्ड' जगात दुसरे काय आहे? आजीच्या पाटल्या मोडून नातीचा हार होतो आणि त्याला कोणी जुना म्हणत नाही. कारण त्याला कसोटी आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून तर दुकानातल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असल्याशिवाय तो विकताही येत नाही. मी हे ताईला बोलून दाखवले. ती म्हणाली, "सोनं बंद पडत नाही." ताईचे म्हणणे खोडून काढणे आमच्या घरात कोणाला साधलेले नाही, आणि इथे तर ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी धुळ्याला निघालो. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. बांभोरीला गिरणा ओलांडली, कपाशीची शेते सुरू झाली, एरंडोल गेले, पारोळे गेले. बसमध्ये मला आठवली ती सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठचे हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. मी पाहायला गेलो होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाने घोड्याचे तोंड उघडून दात पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले, आणि एवढ्यावर न थांबता म्हणाला, "आता पळवून दाखव." मी भाचीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, म्हणजे आपणही पळवूनच बघायचा."

धुळे हे शहर मला नेहमी आखलेल्या वहीसारखे वाटते. 1819 साली कॅप्टन ब्रिग्जने इथे नवी पेठ वसवली ती सरळ रस्त्यांची. आजही पत्ता विचारला तर गल्लीचा नंबर सांगतात. मुंबई-आग्रा आणि सूरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे माल कुठूनही येतो. आग्रा रोडच्या गर्दीपासून थोडे आत, एका गल्लीत, भाचीच्या वसतिगृहातल्या मुलींनी सांगितलेले दुकान सापडले. दुकान कसले, तीन टेबले आणि एक पंखा. मालकाने आमच्यासमोर मागचे झाकण उघडले. पंख्यातली धूळ काढलेली होती. प्रोसेसरवर लावतात ती गंधासारखी पेस्ट नवी होती. म्हणाला, "भाऊ, जुनं शे, पन खोटं नही शे."

दहाव्या पिढीचे यंत्र, किंमत 24,000. बॅटरी दमलेली, ती नवी टाकायचे 3,000. भाचीने सगळे पुसून यंत्र पहिल्यापासून सुरू करून दाखवायला सांगितले. मूळ कंपनीचे कुलूप आत राहिले असेल, तर ते अशा वेळीच डोके वर काढते. नवी बॅटरी घातली आणि ती चार तास चालवून पाहायची असे ठरले. हाच आमचा 'पळवून दाखव'.

तेवढ्या वेळात आम्ही राजवाडे संशोधन मंडळ पाहून आलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. गावोगाव पायपीट करून त्यांनी लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरे मिळवली. इतरांना ती रद्दी होती. पण कागद कोणाचा, कोणाच्या घरून आला, त्यावर तारीख कोणती, हे नक्की झाले की रद्दीचे साधन होते. दाजी बरोबर असते तर खूश झाले असते. बिलावाचून काहीही घ्यायचे नाही हा त्यांचा जन्माचा नियम.

आम्ही परत जाऊन कागदच मागितला. बिलावर यंत्राचा क्रमांक, 'रिफर्बिश्ड' हा शब्द, बदललेल्या भागांची नावे आणि एक वर्षाची हमी, असे सगळे लिहून घेतले. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनुसार माल नूतन करून विकणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. त्याने हा माल ज्यांच्याकडून आणला त्यांची नोंदणी बिलावर दाखवली. मोबाइल घेणाऱ्यांसाठी तर याहून सोपी सोय आहे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की 15 आकडी क्रमांक दिसतो. 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो क्रमांक 14422 ला संदेशाने पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का, ते कळते. चोरीचा फोन स्वस्तात मिळाला, तर तो स्वस्त नसतो.

रात्री जळगावला दाजींनी वही उघडली. नवा 56,000 चा, सहा वर्षे चालला तर वर्षाला साधारण 9,300. जुना बॅटरीसह 27,000 चा. चार वर्षे चालला तर वर्षाला 6,750, पण तीनच चालला तर 9,000. म्हणजे पाटीवर दिसते तेवढी बचत खरी नव्हती, हे दाजींनीच मान्य केले. चौदा हजारांचा तर त्यांनी लिहिलाही नाही. "पण आज हातात 29,000 राहतात," ते म्हणाले, "आणि खानावळीचे पैसे आजच भरायचे आहेत." चित्रपटासारखी जड चित्रे करणाऱ्याला किंवा दुरुस्तीचे दुकान जवळ नसलेल्याला मी नवाच घे म्हटले असते. इथे दुकान वसतिगृहापासून दहा मिनिटांवर होते. जुन्या वस्तूचा प्रश्न अखेर वस्तूचा नसतोच; ती कोणी पारखली आणि बिघडली तर कोणाच्या दारात उभे राहायचे, याचा असतो. 2022 या एका वर्षात जगाने 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा केला, त्यात आपली भर पडली नाही हे पुण्य वेगळे.

राहिला ताईचा प्रश्न. त्याचे उत्तर मी दिले नाही, भाचीने दिले. "आई, दादाचा तुम्ही विकत आणलात. माझा मी उघडून बघून निवडला." ताई काही बोलली नाही. दसऱ्याला भाची घरी आली तेव्हा पाटावर दाजींच्या वह्या मांडल्या होत्या. ताईने लॅपटॉप मागून घेतला, पदराने पुसला, वह्यांशेजारी ठेवला आणि हळदकुंकू वाहिले. झेंडूचे फूल मात्र तिने पडद्यापासून जरा दूर ठेवले, म्हणाली, "पाणी लागेल, बिलात ते लिहिलेलं नाही."