एडिसनमधील दिवाळी आणि हॅलोवीन

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात न्यू जर्सीत प्रथमच उतरलेल्या आपल्याकडच्या माणसाला तेथील घरांची अंगणे पाहून काही काळ उलगडाच होत नाही. मॅपलची झाडे लाल-केशरी झालेली, रस्ते आखीव आणि स्वच्छ. पण हिरवळीवर थर्माकोलची थडगी, झुडपांवर कापसाची कोळिष्टके, खांबाला टेकून बसवलेला प्लॅस्टिकचा सांगाडा आणि पायऱ्यांवर दात विचकणारे भोपळे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनची ही तयारी. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस. त्याची ही पूर्वसंध्या. तिच्या मुळाशी केल्टिक लोकांचा, सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा, एक जुना सण आहे असे मानतात. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला. आयर्लंडमध्ये सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत भोपळा मुबलक मिळाला आणि कंदाची जागा भोपळ्याने घेतली. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या आपल्या वाचकांना हा बदल रुचेल, असे मला उगीचच वाटून गेले.

२०२४ साली मी व आमच्या सौभाग्यवती कन्येकडे एडिसन येथे दोन महिने होतो. ओक ट्री रोडवर साड्यांची, मिठाईची व सराफीची दुकाने इतकी दाट आहेत की आपण सांगलीच्या पेठेतून हिंडत आहोत असा भास व्हावा. त्या वर्षी एक विलक्षण योग आला. भारतात लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर पंचांगकर्त्यांत मतभेद होते. परंतु न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे ३१ तारखेची संपूर्ण रात्र अमावास्येची होती. म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाचे पर्व, वहीपूजन आणि भुताखेतांची सोंगे, सारे एकाच दिवशी!

घरात यावरून मतभेद होते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की निर्वाण कल्याणकाच्या दिवशी आपल्या नातवंडांनी भुताचे सोंग घेऊन दारोदार खाऊ मागणे शोभत नाही. कन्येची बाजू वेगळी होती. आदल्या वर्षी तिने मुलीला त्या दिवशी घरीच ठेवले होते. शाळेतील मुलांची वेषभूषेची मिरवणूक हुकली आणि पाच वर्षांच्या त्या पोरीने रात्री विचारले, “आई, आपण इथले नाही का?” या प्रश्नाला कन्येजवळ उत्तर नव्हते. त्यात खर्चाचाही प्रश्न होता. व्हिसाच्या नियमामुळे तिला नोकरी करता येत नाही. घर एका पगारावर चालते आणि भाडे देऊन उरलेल्या डॉलरांना आधीच वाटा फुटलेल्या असतात. दुकानातील एक तयार पोशाख तीस-पस्तीस डॉलरांना. दोन मुले म्हटली की हिशेब सत्तरच्या घरात, तोही एका संध्याकाळीसाठी. तिने चाळीस डॉलरांची मर्यादा घातली आणि मला म्हणाली, “बाबा, हिशेब तुम्ही ठेवा.” बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता?

भुताचा प्रश्न माझ्या दृष्टीने फारसा अवघड नव्हता. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत. किन्नर-गंधर्वांच्या पंक्तीतच भूत आणि पिशाच येतात. तेही संसारात फिरणारे जीवच. त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही, तसेच त्यांचे सोंग आणण्याचेही नाही. मुलांना विचारले तेव्हा कळले की त्यांना भूत व्हायचेच नव्हते. सहा वर्षांच्या नातीला फुलपाखरू व्हायचे होते आणि चार वर्षांच्या नातवाला शाळेची पिवळी बस.

बस घरी आलेल्या पार्सलच्या खोक्यातून झाली. वरचे-खालचे झाकण कापले, पिवळा रंग दिला, कागदी बशांची चाके चिकटवली आणि जुन्या पिशवीचे बंद खांद्यांवर अडकवले. फुलपाखराचे पंख कन्येच्या नारिंगी ओढणीचे. काळ्या रेषा मी ओढल्या, त्या बऱ्यापैकी सरळ आल्या. एरवी ऑक्टोबरअखेर तेथे थंडी असते आणि पोशाखावर जाड कोट चढवावा लागतो, त्यामुळे महागाचा पोशाख कोटाखालीच झाकला जातो, असे शेजारीण सांगत होती. त्या वर्षी मात्र महिनाभर जवळजवळ पाऊस पडला नव्हता आणि ३१ तारखेला तर भर उन्हाळ्यासारखी हवा होती. पंख मोकळे राहिले.

भोपळ्याविषयी सौभाग्यवती ठाम होत्या. कोरलेला भोपळा चार-सहा दिवसांत बुरसतो, चिलटे धरतात, जीवोत्पत्ती होते. आणि शेवटी तो कचऱ्यात जातो. म्हणून कोरावयाचाच नाही. कोरण्यासाठी विकतात तो मोठा भोपळा पाणचट व बेचव असतो. त्याऐवजी पायसाठी विकला जाणारा लहान, गोड भोपळा घ्यावा, ही माहिती भाजीच्या दुकानात मिळाली. असे दोन आणले, त्यांवर कागदाचे डोळे-नाक चिकटवले आणि शेजारी सेलवर चालणारे दोन दिवे ठेवले. ज्योतीवर पतंग झेपावण्याची चिंता नाही आणि भोपळा पुसला की पुन्हा भाजीचा भोपळा.

येणाऱ्या मुलांना काय द्यावे, याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. अमेरिकेत शेंगदाणे, दूध इत्यादींची घातक ॲलर्जी असलेली मुले पुष्कळ. त्यांच्यासाठी २०१४ पासून एक उपक्रम देशभर रुजला आहे: ज्या घराबाहेर मोरपंखी रंगाचा भोपळा दिसेल, तेथे खाऊऐवजी पेन्सिली, खेळणी अशी वस्तू मिळते. नातीने मोरपंखी भोपळ्याचे चित्र रंगवून दारावर लावले आणि आम्ही पेन्सिलींची दहा पाकिटे आणली. चॉकलेटच्या मोठ्या पिशव्यांपेक्षा हा खर्च कमी झाला, शिवाय आपल्या हातून कुणाला अभक्ष्य जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

मुलांना मिळणाऱ्या खाऊचे काय, हा खरा कळीचा मुद्दा होता. स्टारबर्स्ट, कँडी कॉर्न आणि मार्शमॅलोत जिलेटिन असते, म्हणजे प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेला पदार्थ. स्निकर्स व मिल्की वे या चॉकलेटांत अंड्याचा पांढरा भाग. गोळ्यांना चकाकी आणणारा ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख, आणि ‘कार्माइन’ हा लाल रंगही किड्यांचाच. लहान वेष्टनावर घटक बहुधा छापलेले नसतात. ते मोठ्या पिशवीवर असतात, आणि ती पिशवी देणाऱ्याच्या घरात राहते. नको असलेला खाऊ ऑफिसात वाटून टाकू, असे जावईबापूंनी सुचवले. सौभाग्यवतींनी विचारले, “जे आपण खात नाही ते दुसऱ्याला खाऊ घालायचे?” कृत, कारित, अनुमोदित ही त्रयी ज्या घरांत ऐकलेली आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन सांगायला नको.

तोडगा कन्येने काढला. तेथे देणारा बहुधा परडी पुढे करतो आणि मूल स्वतः उचलते. तेव्हा घेण्याजोगी वेष्टने मुलांना आधीच ओळखता यावीत. हर्शीचे तपकिरी, रीसेसचे नारिंगी, किटकॅटचे लाल, स्किटल्सचे इंद्रधनुष्याचे. आठवडाभर रोज पाच मिनिटे जेवणाच्या टेबलावर हा अभ्यास चालला. चार वर्षांच्या मुलाला अक्षर येत नाही, पण रंग तो विसरत नाही. (कंपन्या घटक बदलतात, म्हणून ही यादी दरवर्षी नव्याने पाहिली पाहिजे.)

त्या दिवशी दुपारी शाळेची मिरवणूक झाली. फुलपाखरू सर्वांत पुढे होते. सूर्यास्त सहाला पाच-सहा मिनिटे असताना होता, म्हणून साडेपाचला जेवणे उरकली. सूर्यास्तानंतर लगेच वहीपूजन. जावई नोकरदार; त्यांच्या घरी चोपड्या नाहीत. घरखर्चाची नवी वही पाटावर ठेवली, तीवर ‘श्री’ काढले, आरती झाली आणि पावणेसातला बस व फुलपाखरू रस्त्यावर आले.

बाहेर एका घरासमोर रांगोळी व पणत्या, पुढच्या घरासमोर सांगाडा, त्याच्या पुढच्या घरी दोन्ही. दारावरचा दिवा लागलेला असेल तेथेच जायचे, विझलेला असेल तेथे नाही, हा तिथला संकेत. मुले दारात ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू. पण खोडी कोणी काढत नाही. एका वृद्ध गृहस्थांनी परडी पुढे केली. नातवाने आत डोकावून पाहिले आणि “नो थँक यू” म्हणून हात मागे घेतला. गृहस्थ आत जाऊन एक सफरचंद घेऊन आले. सौभाग्यवती आमच्याबरोबर आल्या नाहीत; त्यांचे मत बदलले नव्हते. पण परतलो तेव्हा त्या मोरपंखी चित्राखाली खुर्ची टाकून, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात पेन्सिल ठेवून “जय जिनेंद्र” म्हणत होत्या, आणि दोन-तीन मुले तसेच उत्तर देत होती.

रात्री खाऊ खायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. तेथील पालकही मुलांचा खाऊ तपासल्यावाचून तोंडात घालू देत नाहीत, त्यामुळे नियमाविरुद्ध कोणी रडले नाही. चाळीसेक वेष्टनांपैकी सहा अग्राह्य निघाली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी जमाखर्च लिहिला: भोपळे सात डॉलर, रंग अडीच, दिवे अडीच, डोक्याचा पट्टा सव्वा, पेन्सिली साडेबारा, या चारींवर ६.६२५ टक्के विक्रीकर. एकूण सव्वीस डॉलर नव्व्याण्णव सेंट. शिल्लक तेरा डॉलर एक सेंट. दुसऱ्या दिवशी दुकानांत हॅलोवीनचे सामान निम्म्या किमतीला निघाले. त्या शिलकेतून कन्येने पुढच्या वर्षासाठी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या घेऊन ठेवल्या.

३ नोव्हेंबरला तेथील घड्याळे एक तास मागे गेली आणि सूर्यास्त पाचच्याही आत आला. त्या दिवशी दोन्ही भोपळ्यांचे डोळे काढून सौभाग्यवतींनी घारगे केले, आणि आम्ही ते साडेचारला खाल्ले.