बिनपगारी हिशेबनीस

बँकेत दिवसभर लोकांचे हिशेब जुळवून आलेल्या कारकुनाने घरी चहा पिऊन आडवं व्हावं, असा सृष्टीचा नियम आहे. तो मी मोडला. गेल्या दिवाळीत नागपूरचा भाचा आला आणि आमच्या मुलचेऱ्याच्या घरात बिटकॉइनचा 'फुल नोड' बसवून गेला.

सौ.ला मी सोपं करून सांगितलं, "बिटकॉइनवाल्यांची जगभर मिळून एकच खातेवही. पहिलं पान ३ जानेवारी २००९ चं. सरासरी दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. तिची नक्कल आपण ठेवायची आणि एकेक नोंद तपासायची."

"पगार किती?"

बी.कॉम.ला इतके थेट प्रश्न विचारत नसत. पान जोडणाऱ्या खाणवाल्याला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन मिळतात. तपासणाऱ्याला शून्य. माझ्या स्वतःजवळ म्हणाल, तर बिटकॉइन एकही नाही.

वही ६०० जीबीच्या वर. कूलरसाठी साठवलेल्या पैशांतून डिस्क आली. मग इंटरनेटचा महिन्याचा कोटा आठवड्यात संपू लागला. कारण वही नुसती उतरवून भागत नाही. दुसरा नवशिका नोड मागेल तेव्हा त्याला मागची पानं द्यावीही लागतात. मुलीचा ऑनलाइन क्लास अडकला की ती ओरडायची, "बाबा, आता कोणाला वही देऊन राहिले?"

दोन महिन्यांत तपासणी २०१७ पर्यंत आली आणि अवकाळी पाऊस आला. आमच्याकडे विजेची तार जंगलातून येते. सागाची एक फांदी वाकली की सगळे अंधारात. वीज आल्यावर नोडने कळवलं : हिशेब बिघडला, पुन्हा पहिल्यापासून. उतरवलेली पानं शाबूत होती, पण तपासणी परत २००९ पासून! एप्रिलअखेर कशीबशी वही आजच्या तारखेला आली.

भाच्याने फोनवर 'प्रूनिंग' सुचवलं. म्हणजे तपासून झालेली जुनी पानं टाकून द्यायची. मग ५५० एमबी ठेवली तरी चालतात. बँकेच्या माणसाला जुन्या वह्या रद्दीत घाल म्हणणं म्हणजे वारकऱ्याला माळ काढून ठेव म्हणण्यासारखं आहे.

मग हे करतो कशासाठी? खरं सांगू? बँकेत साहेबांनी व्हाउचर पुढे सरकवलं, की मी फार तर चष्मा पुसतो. घरी मात्र जगातल्या सगळ्यात मोठ्या खाणवाल्याने ठरल्याहून एक नाणं जरी जास्त लिहिलं, तरी माझं यंत्र ते पान घेत नाही. असं पान अजून माझ्याकडे आलेलं नाही. मी वाट बघतो आहे.

मे महिन्यात एका रात्री बाराला लाईन गेली. इन्व्हर्टर थकलेला, त्यावर आईचा पंखा चालेल किंवा नोड. आई ऐंशीची, अंधारात पदराने वारा घेत बसलेली.

"कोणाचा हिशोब करून राहिला रे एवढ्या रातचा?"

"जगाचा."

"जग झोपलं असन बाप्पा."

मी नोड रीतसर बंद केला, तसं न केल्याची शिक्षा एकदा भोगलेली होती. पंखा फिरला.

पहाटे तीनला आईनेच हाक मारली, "ऊठ रे, लाईन आली. उघड तुझं दुकान."

डोळे चोळत बटण दाबलं. अठरा पानं बाकी होती.