रांगणें आणि सरपटणें

इंग्रजी भाषा गतिवाचक क्रियापदांनीं समृद्ध असून मराठी त्या बाबतींत दरिद्री आहे, अशी इंग्रजी शिकविणाऱ्या आम्हां लोकांची समजूत असते. 'क्रीप', 'क्रॉल', 'स्लिदर', 'ग्लाइड' हे चार शब्द पुढें आले, कीं विद्यार्थी चौघांसमोर 'सरपटणें' असा एकच अर्थ लिहून मोकळा होतो आणि आम्ही मराठीच्या शब्दसंपत्तीबद्दल हळहळतों.

यांतील भेद वर्गांत सांगून पटत नाहीं. तो पाहावयाचा असेल, तर पुण्याच्या दक्षिणेस घाटाच्या पायथ्याशीं कात्रजला जावें. तेथें १९८६ सालीं सर्पोद्यान स्थापन झालें. धामण अंगाचीं वळणें जमिनीवर रेटीत झरकन् निघून जाते. तिला 'स्लिदर' शोभतो. अजगर निवांत असला म्हणजे शरीर सरळ ठेवून पोटावरच्या रुंद खवल्यांनीं इंचाइंचानें पुढें सरकतो, तें 'क्रीप'. विरोळा पाण्यांतून आवाज न करितां जातो, त्यास 'ग्लाइड' म्हणावें. मराठींत या ठिकाणीं 'सळसळत', 'हळूहळू', 'अलगद' अशीं क्रियाविशेषणें जोडावीं लागतात, हें खरें.

उरला 'क्रॉल'. तो मुंगीला चालतो, सापाला चालतो आणि घरांतल्या तान्ह्या मुलालाहि चालतो. येथें मात्र मराठी अधिक चोखंदळ आहे. पोट जमिनीला लागलेलें असेल तर सरपटणें. हात व गुडघे टेकून पोट उचललें, कीं रांगणें. बाळ सरपटावयाचें थांबून रांगूं लागलें, हें घरांतली आजी दिवस मोजून सांगते. संस्कृतानें तर सापाला 'उरग', म्हणजे उरानें जाणारा, असें नांवच दिलें.

हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा आहे, असें समजूं नये. १९१९ च्या एप्रिलांत, जालियनवाला बागेंतील हत्याकांडानंतर, जनरल डायरनें अमृतसरच्या एका गल्लीपुरता हुकूम काढला. त्या गल्लींत मार्सेला शेरवुड या मिशनरी बाईवर हल्ला झाला होता. म्हणून तेथून जाणाऱ्या हिंदी माणसानें हात व गुडघे टेकून जावें, असें फर्मान निघालें. ज्यांचीं घरेंच त्या गल्लींत होतीं, त्यांचीहि सुटका नव्हती. गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्याखालीं प्रत्यक्षांत लोकांना पोट घासत जावें लागलें. इतिहासांत हें सारें 'क्रॉलिंग ऑर्डर' या एका नांवानें नोंदलें गेलें.

लिहिलेला हुकूम आणि घडलेला प्रकार, दोन्ही त्या इंग्रजी शब्दाच्या पोटांत मावतात. त्यांमधलें अंतर मात्र त्यांत दिसत नाहीं. मराठींत लिहिणाऱ्याला ही सोय नाहीं. 'रांगण्याचा हुकूम' एवढेंच लिहिलें, तर त्या अपमानाला बाळपणाचा गोडवा चिकटतो. आणि नुसतें 'सरपटण्याचा' लिहिलें, तर कागदावरचा हुकूम निराळा होता हें लपतें. त्याला दोन्ही क्रियापदें वापरावीं लागतील: हुकूम रांगण्याचा होता, माणसें सरपटलीं. इंग्रजींत यासाठीं शरीराच्या अवयवांचीं नांवें घ्यावीं लागतात. मराठींत क्रियापदेंच तें काम करतात.

म्हणून आतां विद्यार्थ्यानें शब्दांतला फरक विचारला, तर कोश उघडण्यापूर्वीं मी त्याला एक प्रश्न विचारतों: जमिनीला काय टेकलें आहे? पाऊल, गुडघा, कीं पोट? आणि तें कोणी टेकावयास लावलें?