गोव्याची गाडी, पाटी मुंबईची

अंधेरीच्या स्टेडियममध्ये मी कायम 'महाडची' होते. मुंबई सिटी एफसीची मॅच संपली की बाकीचे निवांत वडापाव खात रेंगाळायचे, मी पीजीचं गेट बंद व्हायच्या आत पोचायला स्टेशनकडे पळायचे. वेस्ट कोस्ट ब्रिगेडच्या घोषणा पाठ, जर्सी अंगात, तरी आपण इथे पाहुणे, हे काही डोक्यातून जायचं नाही.

आणि ज्या सीझनला मुंबईने पहिल्यांदा आयएसएल जिंकली, त्या सीझनला स्टेडियमच बंद! कोविडमुळे २०२०-२१ च्या सगळ्या मॅच गोव्यात झाल्या, प्रेक्षकांशिवाय. बांद्र्याचा फॅन असो नाहीतर बिरवाडीचा, सगळ्यांना टीव्हीच. माझी चॅनेलमधली नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती. सीव्ही पाठवायचे आणि साडेसातला मॅच लावायची, एवढाच काय तो दिनक्रम.

सोबतीला आप्पा. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, जन्माचे कबड्डीवाले. कोच सर्जिओ लोबेरा, जाहू, बुमू, फॉल, आपला मंदार राव देसाई, हे सगळे आधी एफसी गोवाकडे होते असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे गोव्याची गाडी, पाटी मुंबईची." हायवेवर आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

लोबेराचा फंडा म्हणजे बॉल उगाच लांब मारायचा नाही, गोलकीपरपासून छोटे पास देत वर यायचं. आप्पा वैतागायचे. "अरे मार ना पुढं!" पहिलीच मॅच नॉर्थईस्टकडून हरलो तेव्हा तर ते मधेच उठून जेवायला बसले. जानेवारीत मात्र स्वतःहून म्हणाले, "समोरच्याला पुढं ओढतात गं, आणि मागं जागा करतात. रेडर करतो तसं."

२८ फेब्रुवारीला एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचे ४० गुण, पण आपसातल्या दोन्ही मॅच मुंबईच्या, म्हणून लीग शील्ड आपली. सेमी फायनलला महाडात लाइट गेली. बाइक काढून पोलादपूरला आत्याकडे पोचलो, तिची सिरियल बंद करून पेनल्टी शूटआउट बघितलं, ६-५.

१३ मार्चच्या फायनलला पुन्हा मोहन बागानच. १-१ असताना आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला, अ‍ॅम्ब्युलन्स मैदानात आली. रिकाम्या खुर्च्यांसमोरचं ते दृश्य आठवलं की अजून कसंतरी होतं. नव्वदाव्या मिनिटाला ओग्बेचेने गोलकीपरला चुकवून बॉल दिला, बिपिन सिंगने गोल मारला. मी किंचाळले. आप्पांनी टाळ्या वाजवल्या, एकट्याने, बराच वेळ.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये आयाक्सने लीग जिंकल्यावर चक्क ट्रॉफी वितळवली आणि सीझन तिकीटवाल्यांना तिचे ४२,०२० छोटे स्टार वाटले, कारण त्यांनाही स्टेडियममध्ये येता आलं नव्हतं. जाम हेवा वाटला मला. आमच्याकडे त्या सीझनचा होता तो टीव्ही, तोही जुलैच्या पुरात गेला. जर्सी चिखलातून काढली, चार वेळा धुतली, आता ती पांघरुणांच्या कपाटात आहे.

मी पुन्हा मुंबईत आले, फ्रीलान्स करते. आप्पा फोनवर अधूनमधून विचारतात, "बाय, तो रानवडे बरा आहे ना?" तो ओडिशाकडे गेला, खेळतोय, असं मी सांगितलं. "लांब गेला की," म्हणाले.