स्लॅब बोलतो, आपण गिलावा मारतो

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा कच्चंच. पण 'स्लॅब सुटलाय' हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे, कारण घर पेणला आणि आजोळ रोह्याला. पावसाळा आला की कुणाच्या तरी घरी ते ऐकू येतंच. मग गवंडी येतो, सुटलेलं पाडतो, गिलावा मारतो, वर चुना! गणपतीला पाहुणे येईपर्यंत छत चकाचक.

सिव्हिलला आल्यावर कळलं की आत गंज चालूच असतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. आमच्याकडे निमित्तं भरपूर : खाडीची न धुतलेली रेती, खारी हवा, चार महिने पाऊस. आयएस ४५६ : २००० किनारपट्टीच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर सांगतं. मामाच्या १९८६ च्या स्लॅबात सळीखाली नखाएवढंच निघालं. तेव्हा कव्हर ब्लॉक कसले, सळीखाली खडीचा तुकडा सरकवायचा आणि तोही कुणाचा पाय लागला की निसटायचा. गच्चीवर पत्रे टाकले की पाणी थांबतं, ते बरंच. पण काँक्रीटमध्ये शिरलेला क्षार जात नाही. आणि गिलाव्यामुळे जी भेग दिसत होती, तीही दिसेनाशी होते.

इंग्लंडमध्ये तर आणखीच भलतं झालं. आपले गवंडी ज्या हलक्या ब्लॉकना 'सिपोरेक्स' म्हणतात, त्याच जातीच्या, पण आत सळ्या घातलेल्या फळ्या तिथे शाळांच्या छतांना वापरल्या होत्या. २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं असं छत सुट्टीच्या दिवशी कोसळलं, म्हणून निभावलं. ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभरावर शाळांना अशा छताखालची जागा बंद करायला सांगितलं. या फळ्या फारशी सूचना न देता पडू शकतात. (आपल्या भिंतीतले ब्लॉक वेगळे, उगाच घाबरू नका!) आपला स्लॅब बहुतेक वेळा आधी सांगतो तरी. तांबूस रेघ सळीच्या दिशेने सरळ गेलेली दिसते, पोपडे येतात. होस्टेलमध्ये कुणाच्या छताला अशी रेघ असेल तर कृपया वर पोस्टर चिकटवू नका, रेक्टरसरांना दाखवा.

वयावर मात्र विसंबू नये. आमच्याच जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. ती काही जुनी नव्हती.

गेल्या दिवाळीत रोह्याला मी शिडी आणि हातोडी मागितली. मामा म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता तू काय बघणार?" घट्ट काँक्रीट ठणठण वाजतं, सुटलेलं भदभद. आजीच्या कॉटच्या बरोबर वर दोन हात जागा भदभद बोलली. मी खडूने गोल काढला. पण मी अजून इंजिनिअर नाही, म्हणून गावातले एक अनुभवी इंजिनिअर आणले. त्यांनी आधी खोली रिकामी करायला लावली. लोखंडी जॅक उभे केले, तेही लाद्यांवर नुसते नाही, खाली जाड फळी घालून. मग सुटलेलं पाडून सळ्यांची जाडी मोजली. दहाची सळी एके ठिकाणी सातवर आली होती. तिथे नवी सळी जोडायची, बाकीच्यांच्या मागपर्यंत कोरून गंज घासायचा, मगच पॉलिमर मॉर्टर. खर्च ऐकून मामा गप्प झाला. "गिलाव्यात भागणार नाही का?" असं त्याने दोनदा विचारलं. ते दोनदा नाही म्हणाले.

आजी मात्र माझ्यावर नाराज! कॉट ओटीवर आली आणि तिथून टीव्ही दिसत नाही. शेवटी मामाने वायर ओढून टीव्हीच बाहेर आणला. जॅक अजून माजघरात उभे आहेत, आणि मामी त्यांना पिशव्या अडकवते.